वर्ग आणि खोली यांच्यामधले अंतर

प्रिय विद्यार्थ्यास,

सप्रेम आशीर्वाद.

प्रवेश निश्चित करण्याआधी स्वतः जाऊन विद्यापीठ पाहायचे तू ठरवलेस, हे वाचून समाधान वाटले. केवळ माहितीपुस्तिकेतील छायाचित्रांवर विसंबून प्रवेश घेणारे कितीतरी विद्यार्थी मी पाहिले आहेत. तुला एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. तिथे गेल्यावर इमारतींपेक्षा त्यांच्यामधली अंतरे पाहा, आणि त्यांतही तुला परवडणाऱ्या खोलीपासून तुझ्या विभागापर्यंतचे अंतर सर्वांत आधी पायी चालून पाहा.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. मी शिकलो त्या विद्यापीठात पहिल्या भेटीत आम्हाला मुख्य इमारत, तिच्यासमोरची हिरवळ आणि दीक्षान्त सभागृह दाखवले गेले, आणि एवढ्यावरच मी भारावून गेलो. माझा विभाग आवाराच्या अगदी दुसऱ्या टोकाला होता आणि मला मिळालेली खोली त्याच्याही पलीकडे, मोठा रस्ता ओलांडून गेल्यावर. चालण्याचा मला कधी कंटाळा आला नाही, पण शेवटची बस चुकू नये म्हणून मी रोज संध्याकाळी ग्रंथालयातून लवकर उठू लागलो. विभागातली सायंकालीन चर्चासत्रे एकामागून एक माझ्या हातून निसटली. शिक्षकांशी आणि वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांशी खरे बोलणे तिथेच होत असे, हे मला दुसऱ्या वर्षी उमगले.

म्हणून विद्यापीठाने आखलेल्या फेरीत अवश्य सामील हो, पण ती संपल्यावर परत फिरू नकोस. एखाद्या विद्यार्थ्याकडून त्याचे वेळापत्रक समजून घे आणि लागोपाठ दोन तास कोणत्या इमारतींत असतात ते विचार. साधारण चालीने माणूस मिनिटाला सुमारे 80 मीटर चालतो. म्हणजे दोन तासांमध्ये 10 मिनिटांची सुट्टी असेल, तर जास्तीत जास्त 800 मीटर, आणि त्यातूनच जिने चढायचे. हिरवळीवरून तिरप्या गेलेल्या, गवत झिजून माती उघडी पडलेल्या पायवाटा दिसतील, त्यांच्याकडे नीट लक्ष दे. फरसबंद रस्ते आराखडा करणाऱ्याने आखलेले असतात. त्या पायवाटा मात्र उशीर झालेल्या विद्यार्थ्यांच्या पावलांनी पडलेल्या असतात, आणि आवारात माणसे खरोखर कुठून कुठे जातात हे त्यांवरूनच कळते.

अंतराचा हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठ 1819 मध्ये स्थापन झाले तेव्हा थॉमस जेफरसन यांनी त्याची रचना एखाद्या गावासारखी केली होती. मधल्या हिरवळीच्या दोन्ही बाजूंना मिळून दहा दालने होती, ज्यांत प्राध्यापक राहत आणि शिकवतही असत. दालनांच्या मध्ये विद्यार्थ्यांच्या खोल्या होत्या आणि हिरवळीच्या एका टोकाला ग्रंथालय. आजच्या हजारो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात सर्वांना असे सामावून घेणे शक्य नाही, त्यामुळे विद्यापीठाचा मोठा भाग प्रवेशद्वाराबाहेरच्या गल्ल्यांत वसलेला असतो. त्या गल्ल्याही तितक्याच मन लावून पाहा.

तिथे संध्याकाळी जा, आणि शक्य असेल तर रात्री ग्रंथालय बंद होण्याच्या वेळी पुन्हा एकदा जा. तुझ्या मुक्कामापर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का, त्या वेळी माणसांची वर्दळ आहे का, हे दुपारच्या उन्हात कळत नाही. झेरॉक्सच्या दुकानाबाहेरचा सूचनाफलक थांबून वाच. खोली भाड्याने देण्याच्या कागदाच्या खालच्या कडेला दूरध्वनी क्रमांकाच्या पट्ट्या कातरून ठेवलेल्या असतात. कागद उन्हाने पिवळा पडला असेल आणि तरीही एकही पट्टी फाडलेली नसेल, तर त्या खोलीची ख्याती विद्यार्थ्यांमध्ये आधीच पसरलेली असण्याची शक्यता आहे. खोलीविषयी घरमालकाला विचारशीलच, पण ती सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याला गाठून तो का सोडतो आहे, पाणी किती वेळ येते आणि आधी राहून गेलेल्यांना अनामत रक्कम पूर्ण परत मिळाली का, हे विचारणे अधिक उपयोगी ठरते. भाडेकरार लेखी असल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

भाड्याविषयी बोलण्यात कमीपणा मानू नकोस. 1231 मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी पॅरिसच्या विद्यापीठाला जी सनद दिली, तिच्यात विद्यार्थ्यांच्या निवासाचे भाडे ठरवण्याचा विषय स्पष्टपणे आलेला आहे, आणि हा हक्क डावलला गेल्यास व्याख्याने बंद ठेवण्याची मुभाही विद्यापीठाला दिलेली आहे. ज्ञानाइतकेच छपरालाही महत्त्व आहे, हे त्या काळच्या विद्वानांनी जाणले होते. इटलीतील बोलोन्या शहरात रस्त्यांवरचे मजले बाहेर वाढवून खाली खांबांच्या ओवऱ्या तयार झाल्या, त्यामागे वाढत्या लोकवस्तीबरोबर विद्यार्थ्यांच्या निवासाची गरजही होती. 1288 मध्ये तर नव्या घरांना अशी ओवरी असणे तिथे सक्तीचे झाले.

वसतिगृह, क्रीडांगण, उपाहारगृह यांची माहिती तुला सहज मिळेल. त्यात वेळ घालवू नकोस. तो वेळ ग्रंथालयाला दे. पुस्तकांच्या मांडणीपर्यंत विद्यार्थ्याला स्वतः जाता येते की चिठ्ठी देऊन पुस्तक मागवावे लागते, आणि परीक्षेच्या काळात बसायला जागा मिळते का, हे विचार. शिक्षकांची परवानगी घेऊन तुझ्या विषयाच्या एका तासाला मागच्या बाकावर बस. तास संपल्यावर किती विद्यार्थी शिक्षकांभोवती थांबतात आणि शिक्षक त्यांच्यासाठी थांबतात का, एवढे पाहिलेस तरी त्या विभागाविषयी पुष्कळ कळेल.

परत आल्यावर मला सविस्तर पत्र लिही. इमारतींचे वर्णन नसले तरी चालेल. पण रात्री ग्रंथालयाच्या दारातून निघून तू पाहिलेल्या खोलीच्या दारापर्यंत पोहोचायला किती मिनिटे लागली, तो आकडा त्यात असू दे.

तुझा हितचिंतक