सोलापुरात घरासाठी सोलर, हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी: काय घ्यावं, किती घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात स्वतःचं बैठं घर, महिन्याला ३०० युनिटच्या आसपास वापर, लाईट अधूनमधून तास-दोन तास जाते आणि वळवाच्या पावसात कधी अर्धा दिवस. खाली हौद, वर टाकी, मध्ये १ एचपीची मोटर. सोलरवाल्याने ५ किलोवॅटचं 'हायब्रिड' आणि १५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) चार ट्यूब्युलर (लेड-ॲसिड) बॅटऱ्या असं कोटेशन दिलंय. घ्यावं का?

आहे तसं घेऊ नका. त्या कोटेशनमध्ये दोन वेगळी गणितं एकत्र कालवली आहेत. पॅनल किती लावायचे हे वीजबिलावरून ठरतं. बॅटरी किती घ्यायची हे लाईट गेल्यावर काय काय चालू राहायला हवं, त्यावरून ठरतं. दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

पॅनलचं गणित सोपं आहे. आपल्याकडे १ किलोवॅट पॅनल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतात; पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. ३ किलोवॅट म्हणजे महिन्याला ३५०-३६० युनिट. तुमचा वापर ३०० आहे, म्हणजे ३ किलोवॅट पुरे. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदानही तिथेच थांबतं: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे एकूण ७८,००० रुपये. ५ किलोवॅट लावले तरी तेवढेच मिळतात. पॅनल डीसीआर, म्हणजे देशात बनलेल्या सेलचेच हवेत आणि सिस्टीम महावितरणच्या लाईनला जोडलेली हवी. बॅटरीवर अनुदान नाही. गच्चीवर सावली नसलेली ३०० चौरस फूट जागा धरा. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर कुठवर जाते ते आधी बघा, कारण एका पॅनलवर सावली पडली तरी सगळ्या रांगेचं उत्पादन खाली येतं.

आता 'हायब्रिड' या शब्दाकडे नीट बघा. बाजारात या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. खरं हायब्रिड जास्तीची वीज लाईनमध्ये सोडतं, बॅटरी भरतं आणि लाईट गेल्यावर घरही चालवतं. दुसरं म्हणजे फक्त सोलर चार्जर असलेला घरचा इन्व्हर्टर; तो लाईनमधून वीज घेतो, पण लाईनला देत नाही. त्यावर नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) बसत नाही आणि अनुदानही मिळत नाही. विक्रेत्याला एकच विचारा: या मॉडेलला आयईसी ६१७२७ आणि ६२११६ (लाईनला सुरक्षितपणे जोडण्याची आंतरराष्ट्रीय मानकं) ची प्रमाणपत्रं आहेत का? कागद दाखवायला टाळाटाळ झाली तर तो व्यवहार तिथेच सोडा.

साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (बॅटरी नसलेला) लाईट गेली की स्वतःहून बंद पडतो, मग भर दुपारचं ऊन असलं तरी. हा दोष नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक लागू नये म्हणून तसं बंधनच आहे. हे माहीत नसल्याने बरेच जण सोलर बसवूनही अंधारात बसतात आणि विक्रेत्याशी भांडतात.

तुमच्यासारख्या घराला माझा पहिला पर्याय हा: लाईट जाणं तास-दोन तासांचंच असेल, तर ३ किलोवॅट ऑन-ग्रिड अनुदानासह घ्या आणि बॅकअपला वेगळा साधा प्युअर साइनवेव्ह (लाईनसारखीच वीज देणारा) इन्व्हर्टर व बॅटरी ठेवा. ती बॅटरी लाईनवर भरेल, आणि ते युनिट नेट मीटरमध्ये सोलरने फिटतील. खर्च बराच कमी, आणि एक बिघडलं तरी दुसरं चालू राहतं. फक्त ऑन-ग्रिड इन्व्हर्टर कधीही साध्या इन्व्हर्टरच्या किंवा जनरेटरच्या आउटपुटला जोडू देऊ नका. सोलरची वीज उलटी आत शिरते आणि मशीन जळतं. 'एकाच डीबीत (वीजवाटपाच्या बोर्डात) टाकतो साहेब' म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका.

दिवसा चार-चार तास लाईट जात असेल, घरात कुणाला ऑक्सिजन मशीन लागत असेल किंवा शहराबाहेर गावठाणच्या फीडरवर घर असेल, तर खरं हायब्रिड घ्या. तिथे त्याचे पैसे वसूल होतात.

बॅटरीचं गणित आकड्यांनीच करा. तीन जुने पंखे ७५ वॅटप्रमाणे २२५, दिवे ६०, टीव्ही ८०, वायफाय १०, फ्रिज सरासरी ५०. झाले ४२५ वॅट. तेच पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) केले तर ३० वॅटप्रमाणे ९०, आणि एकूण २९० वर येतं. म्हणून बॅटरीवर पैसे घालण्याआधी पंखे बदला. यापेक्षा स्वस्त बॅकअप नाही. मोठा हायब्रिड स्वतःच ५० वॅटच्या आसपास खातो, तो धरून ३४० वॅट. चार तासांचे १.३६ युनिट आणि रूपांतराची घट धरून दीड युनिट.

कोटेशनमधल्या चार ट्यूब्युलर म्हणजे ४८ व्होल्ट, १५० एएच, कागदावर ७.२ युनिट. लेड-ॲसिड निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करायची नसते, म्हणून कामाचे ३.६. शिवाय तो १५० आकडा सी१० वर आहे की सी२० वर, ते लेबलवर वाचा. सोलरच्या बॅटरीला सी१०, म्हणजे दहा तासांत रिकामी करताना मिळणारी क्षमता लिहितात. घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटरीला बहुधा सी२०. सी२० वरची १५० एएच बॅटरी दहा तासांच्या हिशेबात १२०-१२५ एएचच भरते. दोन्हींची किंमत शेजारी ठेवून तुलना केली तर फसगत ठरलेली.

लिथियममध्ये घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेटच घ्या, दुसरा प्रकार नको. ५१.२ व्होल्ट १०० एएच म्हणजे ५.१२ युनिट, त्यातले ९० टक्के वापरता येतात: ४.६. वरच्या हिशेबाने बारा तास. मग चार ट्यूब्युलर नऊ-साडेनऊ तास देतात, ते वाईट कुठे आहे? तासांच्या बाबतीत नाहीच. फरक पडतो उष्णतेचा आणि रोजच्या वापराचा.

उष्णतेपाशी थोडं थांबतो, कारण सोलापुरात बॅटऱ्या मरतात त्या यानेच. लेड-ॲसिडचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं, आणि त्यावर दर १० अंशांना ते जवळपास निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ असताना गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत, पत्र्याखाली काय होत असेल त्याचा अंदाज करा. पाच वर्षं चालायची बॅटरी तिथे दोन-अडीच वर्षांत बसते आणि दोष कंपनीला जातो. लिथियमलाही हे सोसत नाही; सेल ५०-५५ अंशांवर गेले की बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) चार्जिंग थांबवतं आणि भर उन्हात पॅनलची वीज बॅटरीत जातच नाही. म्हणून बॅटरी खालच्या मजल्यावर, जिन्याखाली किंवा उत्तरेकडच्या भिंतीला ठेवा. पश्चिमेची भिंत नको. लेड-ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तेव्हा तिथे वरच्या बाजूला जाळी हवी आणि देवघराची समई किंवा गॅस जवळ नको. इन्व्हर्टरच्या चारही बाजूंना हातभर मोकळी जागा ठेवा. तोही तापला की क्षमता कमी करतो.

ट्यूब्युलरच घेतली तर उन्हाळ्यात दर महिन्याला पाण्याची पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं किंवा नळाचं पाणी एकदाही नाही. आपल्या पाण्यातले क्षार प्लेटवर बसले की परत निघत नाहीत. चारातली एक गेली म्हणून एकच नवी टाकू नका. जुन्या तिघी नवीला ओढून खाली आणतात.

नेट मीटर असताना बॅटरी रोज रात्री रिकामी करायची गरज नाही, आणि हे फार कमी विक्रेते सांगतात. जास्तीचं युनिट लाईनमध्ये गेलं तर ते बिलात वळतं होतं. बॅटरीतून फिरवलं तर लिथियममध्ये दहा-बारा टक्के, लेड-ॲसिडमध्ये त्याहून बरंच जास्त वाया जातं आणि आयुष्यही झिजतं. बरेच हायब्रिड आधी सोलर, मग बॅटरी, मग लाईन अशा क्रमावर सेट करून देतात. तो बदलून घ्या: बॅटरीचा राखीव साठा ८० टक्के ठेवा, म्हणजे त्याच्या खाली ती फक्त लाईट गेल्यावर जाईल. अशा क्वचित वापराला ट्यूब्युलर परवडते. रोज रात्री बॅटरीवर राहायचं ठरवलं असेल तरच लिथियमचे जास्तीचे पैसे सायकलमागे (एकदा भरून रिकामी करण्यामागे) स्वस्त पडतात.

मोटरचा मुद्दा मात्र गंभीर आहे. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि ते आलेलं असताना लाईट नसेल तर हौदातून टाकी भरणार कशी, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. १ एचपीची मोटर चालू असताना हजार-अकराशे वॅट घेते, पण सुरू होताना पाचपट करंट ओढते. अर्ध्या सेकंदासाठी का होईना, ५-६ हजार व्हीए लागतात. ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर तिथे धापा टाकतो, ५ चा पेलतो. म्हणजे मोटर बॅकअपवर हवीच असेल, तर तुमच्या कोटेशनमधला ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर बरोबर आहे. पॅनल ३ किलोवॅटचेच पुरतील. बॅटरीही तो झटका द्यायला हवी: १०० एएचच्या काही लिथियम बॅटऱ्या सलग ५० अँपिअरच देतात, म्हणजे अडीच किलोवॅट. मोटर लावली की बीएमएस ट्रिप आणि घर अंधारात. सलग किती अँपिअर आणि दहा सेकंदांसाठी किती, हे दोन्ही आकडे लेखी घ्या. हौदासाठी अर्धा एचपी पुरत असेल तर मोटर बदलणं सगळ्यात स्वस्त. एसी आणि गिझर बॅकअपवर घेऊ नका.

बसवताना जिथे चुकतं ते सांगतो. स्वस्त इन्व्हर्टरच्या सोलर चार्जरची कमाल मर्यादा बऱ्याचदा १४५ व्होल्ट असते. ५४० वॅटच्या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेलं) ४९-५० च्या घरात असतं. तीन पॅनल एकाच ओळीत (सिरीजमध्ये) जोडले की १४८, आणि डिसेंबरच्या गार सकाळी त्याहून जास्त. चार्जर जळतो आणि वॉरंटी नाकारली जाते. अशा चार्जरवर दोन-दोनच्याच ओळी करा.

दुसरी चूक न्यूट्रलची. वायरमन बॅकअपच्या दिव्या-पंख्यांचा फेज इन्व्हर्टरमधून आणतो आणि न्यूट्रल जुनाच, सगळ्या घराचा एकच ठेवतो. मग आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा सुरक्षा स्विच) सतत पडते, आणि वैतागून कुणीतरी ती काढूनच टाकतं. बॅकअपची डीबी वेगळी, तिचा न्यूट्रलही वेगळा, हे कामाआधी ठरवा.

अर्थिंगचे खड्डे तीन: डीसीला, एसीला आणि लाइटनिंग अरेस्टरला (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांडीला). मे महिन्यातल्या वळवाच्या विजा बघता, डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना एसपीडी (व्होल्टेजचा झटका अडवणारं उपकरण) असल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. बॅटरी आणि इन्व्हर्टरमध्ये डीसी रेटिंगचाच एमसीबी किंवा फ्यूज हवा. एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी भरवशाने तोडू शकत नाही.

जुन्या इन्व्हर्टरला लिथियम जोडणार असाल तर सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार बदलून इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठीचं जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) बंद करा. पॅनल पहाटे किंवा संध्याकाळी, काच गार असताना धुवा, आणि बोअरचं पाणी वापरलं तर लगेच पुसून घ्या.

शेवटचा हप्ता देण्याआधी मेन स्विच बंद करून बघा. फ्रिज, पंखे चालू ठेवा, मग मोटर लावा. दिवे फडफडतात का, इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवतो का ते पाहा. त्यानंतर पॅनलचा स्विचही बंद करून बॅटरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत उतरू द्या आणि किती युनिट दिले ते इन्व्हर्टरच्या पडद्यावर वाचा. ५.१२ च्या नव्या लिथियम बॅटरीने चारपेक्षा कमी दिले तर ती त्याच दिवशी बदलून मागा. पॅनलचे सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या, आणि वॉरंटी कार्डात तापमानाची अट काय आहे ते वाचूनच सही करा.