क्यू १ लाख आला, म्हणून सेन्सर चांगला होईलच असं नाही

तुमची रचना अशी: सिलिकॉनचे लंबगोल खांब जोडीजोडीने, प्रत्येक २ अंशांनी कललेला, १५५० नॅनोमीटरजवळ अनुनाद (त्या तरंगलांबीचा प्रकाश रचनेत अडकून राहतो), सिम्युलेशनमध्ये क्यू (अनुनाद किती तीक्ष्ण आहे ते सांगणारा आकडा) सुमारे १ लाख. पाण्यातली प्रथिनं ओळखायची आहेत, तर क्यू वाढवायला कोन आणखी कमी करावा का, असं विचारलंत. माझं मत ठाम आहे: कोन वाढवा.

सिम्युलेशनमध्ये तुम्ही पाण्याला नुसता अपवर्तनांक दिलाय, शोषण दिलेलं नाही. तिथेच सगळी मेख आहे. १५५० ला पाणी बऱ्यापैकी प्रकाश खातं. अनुनादाची निम्मी ऊर्जा पाण्यात धरली, तर एकट्या पाण्यामुळे क्यू १० हजारांच्या आसपास अडकतो. मग नुसत्या बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा क्यू (तुमच्या सिम्युलेशनमधला) १ लाख ठेवून मिळतं काय? एकूण क्यू ९ हजार, पण परावर्तनातलं शिखर जेमतेम १ टक्का! स्पेक्ट्रोमीटरच्या गोंगाटात ते सापडणारच नाही.

आता कोन १० अंश करून बघा. अशा रचनांत हा बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा क्यू कोनाच्या साइनच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे तो साधारण २५ पटींनी घसरून ४ हजारांवर येईल. एकूण क्यू २,९०० च्या आत, रेषेची रुंदी अर्ध्या नॅनोमीटरहून थोडी जास्त, पण शिखर ५० टक्क्यांच्या घरात. शिखर असं ठसठशीत असलं की फिटिंग करून (मोजमापावर गणिती वक्र बसवून) त्याची जागा, जी प्रथिनं चिकटली की सरकते, रुंदीच्या कितीतरी लहान अंशापर्यंत पकडता येते. शोधमर्यादा, म्हणजे किती कमी प्रथिन ओळखता येईल, ठरते ती यावर.

खांबांच्या कडांचा खडबडीतपणा आणि मर्यादित आकाराची जाळी यांनीही क्यू खाली येतो, ते वेगळंच.

तापमान मात्र हलक्यात घेऊ नका. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढलं की पाण्याचा अपवर्तनांक सुमारे ०.०००१ ने घटतो, सिलिकॉनचा त्याहून जास्त वाढतो, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना नेमके खोडत नाहीत. त्याच चिपवर प्रतिपिंड (प्रथिन पकडणारे रेणू) न लावलेला एक संदर्भ-पट्टा ठेवाच, म्हणजे तापमानाचा परिणाम वेगळा काढता येईल.

८५० नॅनोमीटरला जाता आलं तर फारच उत्तम. तिथे पाण्याचं शोषण शेकडो पटींनी कमी आहे. पण तिथे सिलिकॉन स्वतःच शोषतो, त्यामुळे सिलिकॉन नायट्राइड घ्यावं लागेल. तोवर पाण्याचं शोषण घालून ५ ते १२ अंशांचा स्वीप (कोन थोडाथोडा बदलत सिम्युलेशन) चालवा आणि क्यूसोबत शिखराची उंचीही काढा.