प्रबंधाचं एकेक वाक्य खोडत बसण्यातून मी कशी सुटले

तुम्ही विचारलंय की पीएचडीच्या प्रबंधाचं प्रत्येक वाक्य चार-चार वेळा खोडता, वर्ष सरलं तरी पहिलं प्रकरण गाईडकडे गेलं नाही, यातून बाहेर कसं पडायचं. मी यात दोन वर्षं घालवली आहेत, म्हणून लिहिते.

माझा विषय वऱ्हाडीतले कापसाच्या शेतीचे शब्द. गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणी खारं असतं. पऱ्हाटी (कापसाचं झाड), सरकी डोबणं (बी टोचून पेरणं), वेचा (कापसाची वेचणी), फरदड (वेचणीनंतर पुन्हा राखलेलं पीक) असे शब्द गोळा करणं मजेत चाललं होतं. लिहायला बसले की मात्र वाटायचं, पलीकडच्या गावात याला वेगळा शब्द असेल तर? मग वही मिटायची आणि एसटी पकडायची. याला मी काटेकोरपणा म्हणत होते. होती ती सरांसमोर कच्चं पान ठेवायची भीती. फील्डवर्क हे तिचं सभ्य नाव.

एकदा आत्याला एकाच शब्दाबद्दल पाचव्यांदा विचारलं. ती तूर पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "किती डाव इचारशीन व? मले येत होतं थे सांगतलं. आता लिही ना तू."

तेव्हा राग आला. पण त्याच आठवड्यात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश चाळताना एक गोष्ट नव्याने दिसली. त्याची पहिली आवृत्ती 1831 ची, आणि आपण सगळे वापरतो ती सुधारून वाढवलेली दुसरी 1857 ची. मधे 26 वर्षं! तो पहिली आवृत्ती कपाटात ठेवून बसला असता तर?

मग मी तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे गेले. तिथे आधी दोनदा पानं देऊन परत आणली होती, त्यामुळे तो मला बघूनच हसला. या वेळी हाताने लिहिलेली 38 पानं दिली. जिथे अडलं तिथे चौकटी कंसात 'इथे संदर्भ', 'हे पटत नाही, बघू' असं लिहिलेलं, तेही तसंच टाइप करायला सांगितलं. सरांकडून पानं आली ती लाल शाईने भरून. पण गंमत बघा, ज्या पहिल्या परिच्छेदावर मी 11 दिवस घालवले होते, त्यावर एक तिरकी रेघ आणि 'गरज नाही'. आणि वेच्याबद्दल घाईत लिहिलेल्या पानावर 'हे वाढवा, हाच प्रबंध आहे'. कोणतं वाक्य घासायचं आणि कोणतं टाकायचं हे मला एकटीला कळणारच नव्हतं.

नंतर मी लिहायची वेळ आणि दुरुस्तीची वेळ वेगळी केली. सकाळी लाइट जाण्याआधी लिहायचं, मागचं वाचायचं नाही. दुरुस्ती फक्त रविवारी, तीही छापील कागदावर. प्रस्तावना शेवटी लिहिली, कारण प्रबंध काय सांगतो हे लिहून झाल्याशिवाय मलाच माहीत नव्हतं. तळटिपा, समास, फॉन्ट यांना शेवटच्या महिन्यापर्यंत हात लावला नाही. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतातच, तेव्हा आधीपासून ऱ्हस्व-दीर्घ तपासून फायदा नसतो.

आणखी एक, थोडं दुष्टपणाचं. शोधगंगा या विद्यापीठांचे प्रबंध ठेवणाऱ्या वेबसाइटवर आपल्या विषयातले मान्य झालेले चार-पाच प्रबंध उघडा. काहींच्या चुका पहिल्या पानापासून दिसतील. त्यांना डिग्री मिळाली आहे.

मुदतही बघून ठेवा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या पीएचडी नियमांत कोर्सवर्क धरून जास्तीत जास्त 6 वर्षं आहेत, पुनर्नोंदणी केली तर अजून 2, आणि स्त्रियांना त्यावर आणखी 2 मिळू शकतात. ही सवलत आहे म्हणून निवांत राहू नका, मी राहिले होते.

पहिल्याच प्रकरणावर अडला आहात ना? ते आज बंद करून ठेवा. ज्या प्रकरणाची माहिती हातात सगळ्यात जास्त आहे, त्याची 10 पानं कंसांसकट शुक्रवारपर्यंत गाईडना पाठवा.