गुडघ्यातली सरकलेली गादी: शिवायची कशी?

पत्रं वेगवेगळ्या गावांची, गोंधळ तोच. गुडघ्यातली गादी, म्हणजे मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमधली कूर्चेची चकती (मेनिस्कस), फाटून सरकली की पुढे काय? आधी एक सांगतो: वाटी वेगळी, गादी वेगळी. 'गादी शिवायची' म्हटल्यावर 'वाटी बदलायची' असं समजून घरात रडारड करू नका. आता एकेक पत्र आणि त्याखाली माझं उत्तर.

मुलगा १९ वर्षांचा. कबड्डीत पाय मुरगळला, तीन आठवडे गुडघा सरळ होत नाही. एमआरआयमध्ये 'बकेट हँडल' लिहिलंय. ओळखीचे हाडवैद्य म्हणतात, दोन मालिशीत बसेल.

बसणार नाही. बादलीची कडी एका बाजूची दुसऱ्या बाजूला पडते, तशी फाटलेली पट्टी सांध्याच्या मधोमध जाऊन अडकली आहे. रोज ती चेपली जाते, आकार बिघडतो. मग ती मूळ जागी नीट बसत नाही. वरून रगडल्यानं हाडांवरची गुळगुळीत कूर्चाच घासेल. तीन आठवडे गेलेच आहेत, याच आठवड्यात सर्जनना दाखवा. एसीएल लिगामेंट, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला बंध, तोही तुटलाय का, ते विचारा. गुडघा डळमळता राहिला तर टाके टिकत नाहीत.

टाके घालायला एक डॉक्टर इनसाइड-आउट म्हणतात, दुसरे 'लेटेस्ट, बिनचिऱ्याचं' ऑल-इनसाइड. त्याचा खर्च बराच जास्त. कोणतं चांगलं?

'लेटेस्ट' हा शब्द जाहिरातीतला. दोन्हींत काम दुर्बिणीतूनच होतं. पट्टी हुकाने ढकलून जागेवर बसवायची, फाटलेल्या कडा खरवडून रक्ताळायच्या आणि मग टाके. इनसाइड-आउटमध्ये लांब, लवचिक सुया आतून बाहेर काढतात आणि बाजूला तीनेक सेंटिमीटरचा छेद घेऊन धागा सांध्याच्या आवरणावर बांधतात. छेद घ्यायचा तो नसा, म्हणजे मज्जातंतू, वाचवायला. आतल्या बाजूला सॅफेनस, बाहेरच्या बाजूला पेरोनियल. ही दुसरी दुखावली तर पाऊल वर उचलता येत नाही. ऑल-इनसाइडमध्ये धाग्याला बारीक प्लास्टिकचे अँकर असतात, ते सुईनं गादीपलीकडे सोडून गाठ आतच आवळायची. छेद नको, वेळ कमी. पण बहुधा दर टाक्याला नवं उपकरण, आणि बकेट हँडलला टाके बरेच लागतात. बिल फुगतं ते इथे. शिवाय मागच्या बाजूला सुई जास्त खोल गेली तर मोठी रक्तवाहिनी जवळच असते, म्हणून 'बिनचिऱ्याचं म्हणजे बिनधोक' हे खोटं.

गादी जुळून येण्यात दोन्हींत मोठा फरक दिसलेला नाही. मी स्वतः मागच्या भागाला ऑल-इनसाइड, मधल्याला इनसाइड-आउट आणि पुढच्याला बाहेरून आत सुई घालून, म्हणजे आउटसाइड-इन, असं मिसळूनच करतो. शिंपीसुद्धा कॉलर आणि काज एकाच टाक्यानं शिवत नाही. म्हणून पद्धतीचं नाव विचारण्यापेक्षा सर्जनना विचारा: फाट रक्त पोचणाऱ्या बाहेरच्या कडेला आहे का? किती टाके लागतील? उपकरणं किती, एकाची किंमत काय? उत्तर टाळलं, तर दुसरं मत घ्या.

मी ड्रायव्हर आहे, वय ३४. गादीचा फाटलेला तेवढा तुकडा कापला तर आठवड्यात कामावर जाता येईल म्हणतात.

लवकर जाल, खरं. पण गादी गेली की हाडावरचा भार वाढतो. गादी काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेत दिसणारी झीज फेअरबँक या ब्रिटिश सर्जननं १९४८ मध्येच दाखवली होती. शिवण्याजोगी असेल तर शिवूनच घ्या. गादीचा चुरा झाला असेल किंवा फाट रक्त न पोचणाऱ्या आतल्या भागात असेल, तर कापणंही योग्य ठरतं. तो निर्णय दुर्बीण आत गेल्यावरच पक्का होतो. संमतीपत्रात दोन्ही शक्यता लिहून घ्या. शिवूनही काहींचे टाके सुटतात, हेही मनात असू द्या.

वय ६२. गुडघा अडकत नाही, फक्त दुखतो. गादी फाटल्याचा रिपोर्ट आहे. शिवावी का?

बहुधा नाही. या वयात फाट ही बऱ्याचदा झिजेचा भाग असते. आधी फिजिओथेरपी, तीही तपासून घेतल्यावर.

टाक्यांनंतर मांडी कधी घालता येईल?

साधारण चार महिने नाही, उकिडवंही नाही. सुरुवातीचे चार ते सहा आठवडे बहुतेकांना ब्रेस (गुडघ्याचा आधारपट्टा) आणि ९० अंशांपर्यंतच वाकवायची मुभा. नेमकं तुमचे सर्जन सांगतील, शेजारच्या काकू नव्हे. घरात भारतीय पद्धतीचं संडास असेल तर कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा.