धुळ्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मेथेनॉल हाताळतो. त्याने डोळ्यांतील चेतासंदेशांवर परिणाम होतो का?

होय, मेथेनॉल पुरेशा प्रमाणात शरीरात गेल्यास दृष्टिपटलातील संदेशवहन मंदावते आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. मात्र मुख्य घात करते ते यकृतात त्यापासून तयार होणारे फॉर्मिक आम्ल. हे आम्ल पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियातील सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर रोखते, त्यामुळे सतत भरपूर ऊर्जा लागणाऱ्या प्रकाशग्राही पेशी आणि दृष्टिचेतेचे तंतू विद्युतसंदेश नीट पाठवू शकत नाहीत, असे विषशास्त्राचा अभ्यास सांगतो. वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, हातमोजे घालून केलेल्या थोड्याशा कामाने सहसा असे होत नाही. परंतु हे द्रावक सुमारे 65 अंशांना उकळते, त्वचेतूनही शोषले जाते, आणि खानदेशातल्या मे महिन्यात बंद खोलीत त्याच्या वाफा झपाट्याने साचतात. लक्षणे बहुधा 12 ते 24 तासांनी दिसतात, म्हणून दृष्टी धूसर झाल्यास मेथेनॉलचा उल्लेख करून तातडीने रुग्णालय गाठावे.