आफ्रिकान्समध्ये ‘कान’, ‘मुट’, ‘माख’ वापरून प्रश्न कसा विचारायचा

दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉशला शिकायला जायच्या आधी तुम्ही तिथली आफ्रिकान्स भाषा शिकताय. ‘येइ कान स्वेम’ म्हणजे ‘तुला पोहता येतं’ हे जमलंय, पण त्याचा प्रश्न करताना इंग्रजीच्या ‘डू’सारखं किंवा आपल्या ‘का’सारखं काय जोडायचं, असं तुम्ही विचारलंय. काहीच जोडायचं नाही. ‘कान’ उचलून सुरुवातीला आणा: ‘कान येइ स्वेम?’ झाला प्रश्न.

बाकीच्या सहायक क्रियापदांचंही हेच. ‘माख एक इनकॉम?’ म्हणजे (मी) आत येऊ का? (इथला ‘एक’ म्हणजे ‘मी’.) ‘साल एक डी फेन्स्टर ऊपमाक?’ म्हणजे खिडकी उघडू का? ‘मुट एक वाख?’ म्हणजे मला थांबावं लागेल का? कर्ता कोणीही असो, क्रियापदाचं रूप तेच राहतं. शकतो, शकते, शकतात असलं काही पाठ करायला नको.

आता जरा नीट बघा. ‘कान येइ मराठी प्राट?’ यात ‘प्राट’ (बोलणं) अगदी शेवटी आहे आणि ‘मराठी’ त्याच्या आधी. हा क्रम आपलाच आहे: मराठी बोलता. इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास ‘कान येइ प्राट मराठी’ म्हणतात आणि ते चुकतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की इंग्रजीच्या वाटेने जाऊ नका. सुरुवातीला सहायक क्रियापद आणि कर्ता ठेवा, पुढचं शेपूट मराठीच्या चालीने येऊ द्या.

मराठी नडते ती कर्त्यापाशी. आपण ‘तुला येतं’, ‘मला जायचंय’ म्हणतो, म्हणून तोंडात ‘येइ’ (तू) ऐवजी ‘योउ’ (तुला) आणि ‘एक’ (मी) ऐवजी ‘मेइ’ (मला) यायला बघतं. आफ्रिकान्समध्ये इथे कर्ता साधाच असतो: ‘एक वल खान’, मला जायचंय.

‘चहा हवा का?’ विचारताना ‘वल येइ टी हॅ?’ म्हणा. शेवटचा ‘हॅ’ गाळू नका. ‘हेट’ (जवळ असणं) या क्रियापदाचं ते मूळ रूप, आणि सहायकामागे तेच लागतं. तसंच ‘इस’चं ‘वीस’ होतं: ‘कान डट वार वीस?’, हे खरं असू शकेल का?

सर्वांत जास्त गोंधळ ‘मुट’च्या नकारात होतो. ‘मुट एक वाख?’ला ‘येइ मुट नी वाख नी’ असं उत्तर दिलंत तर ऐकणाऱ्याला ‘थांबू नकोस’ असं वाटेल. ‘थांबायची गरज नाही’ म्हणायचं असेल तर ‘हुफ’ घ्या: ‘येइ हुफ नी टे वाख नी’. ‘हुफ’बरोबर ‘टे’ येतो, हे विसरू नका. सहायक आणि मुख्य क्रियापद दोन्ही असलेल्या अशा वाक्यात नकाराचा दुसरा ‘नी’ शेवटी असतोच, प्रश्नातसुद्धा: ‘कान येइ नी स्वेम नी?’

भूतकाळ फारसा अवघड नाही. ‘कान’चं ‘कॉन’, ‘मुट’चं ‘मुस’, ‘वल’चं ‘वोउ’, ‘साल’चं ‘सोउ’. ‘मुस येइ लांक वाख?’ म्हणजे खूप वेळ थांबावं लागलं का? आणि अदबीने मदत मागायची तर दोन सहायक एकत्र येतात: ‘सोउ यू मेइ कॉन हेल्प?’, तुम्ही मला मदत करू शकाल का? प्राध्यापकांशी किंवा अनोळखी वयस्कर माणसाशी ‘येइ’ऐवजी हा ‘यू’च वापरा.

प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की मात्र सहायक पुढून निघून मागे जातो. ‘वार कान एक ब्रूट कूप?’ म्हणजे पाव कुठे विकत मिळेल? पण ‘वीट येइ वार एक ब्रूट कान कूप?’, तुला माहीत आहे का मला पाव कुठे घेता येईल? आणि कुठे, कोण, काय असं काही नसेल तर मध्ये ‘ऑफ’ घाला: ‘वीट येइ ऑफ हेइ मॉरे कान कॉम?’, तो उद्या येऊ शकेल का, माहीत आहे?