ब्रँच मर्ज कधी करायची?

प्रश्न : आंब्याच्या बुकिंगचं ॲप आम्ही तिघं मिळून करतोय. ऑनलाइन पेमेंटची ब्रँच (कोडची स्वतंत्र शाखा) दोन महिने वेगळी आहे. काम पुरं झाल्यावरच मर्ज करावी, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळावी ना? (रत्नागिरी)

नाही, आजपासूनच सुरुवात करा. थांबलात तर ऐन हंगामात, पेट्या भरायच्या दिवसांत, कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी झालेले, एकमेकांशी न जुळणारे बदल) सोडवत बसावं लागेल. आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) जे कॉन्फ्लिक्ट दाखवतं ते त्यातल्या त्यात सोपे असतात. मला भीती वाटते ती न दिसणाऱ्यांची. समजा, मेनवर (मुख्य ब्रँचवर) कुणी दर डझनाऐवजी पाच डझनांच्या पेटीवर नेला. पेमेंटचा कोड मात्र अजून दराला डझनांनीच गुणतोय. फायली वेगळ्या, त्यामुळे मर्ज बिनतक्रार होतो आणि गिऱ्हाइकाला पाचपट बिल जातं! हे टेस्टमध्येच पकडता येतं, तेही बदल ताजा असताना.

म्हणून आधी मेन तुमच्या ब्रँचमध्ये घ्या, टेस्ट चालवा, मग जेवढं धड चालतंय तेवढं मेनवर न्या. पुढे हे रोज करा. अर्धवट पेमेंटचं बटण फीचर फ्लॅग (कोडमधला चालू-बंदचा स्विच) लावून बंद ठेवा. कोड मेनवर आला म्हणजे तो गिऱ्हाइकाला दिसलाच पाहिजे असं नाही.

प्रश्न : लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) नवे बदल ठरावीक दोन आठवड्यांतच मर्ज होतात. आमच्या स्कूबा बुकिंगच्या साइटलाही तसंच करावं का? (मालवण)

त्या दोन आठवड्यांत येणारा बहुतेक कोड आधीच 'लिनक्स-नेक्स्ट' या चाचणीसाठीच्या प्रतीत एकत्र करून तपासलेला असतो. ही पूर्वतयारी सोडून नुसती मुदत उचलू नका. तुम्ही मर्ज रोजच करा. फक्त दिवाळीच्या गर्दीआधी आठवडाभर नवं काही घेऊ नका, दुरुस्त्या तेवढ्या घ्या. मोठी उलथापालथ पावसाळ्यात, स्कूबा बंद असताना.

प्रश्न : बिघडलेला मर्ज रिव्हर्ट केला (मागे घेतला). चूक दुरुस्त करून तीच ब्रँच पुन्हा मर्ज केली, तर फक्त दुरुस्ती आली, आधीचं काम गायब! (चिपळूण)

तुमचं काम कुठं गेलेलं नाही, घाबरू नका. रिव्हर्टनं फायलींतले बदल मागे घेतले, पण इतिहासात ते कमिट (बदलांच्या नोंदी) मर्ज झालेलेच आहेत. त्यामुळे गिट ते पुन्हा आणत नाही. तो रिव्हर्टचा कमिटच आता रिव्हर्ट करा, जुनं काम परत येईल. दुरुस्ती मेनवर आलेलीच आहे. टेस्ट चालवूनच पुश करा (सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये पाठवा).